इलेक्ट्रिक गाडीचा कूलंट पंप पुन्हा पुन्हा का जातो, आणि घरी बदलायचा तर काय सांभाळायचं

इलेक्ट्रिक गाडीचा कूलंट पंप एकदा गेला, तर पार्ट खराब निघाला म्हणून सोडून देता येतं. नवा पंप बसवून एक पावसाळा उलटत नाही तोच डॅशबोर्डवर पुन्हा तोच इशारा आला, तर पंपाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला मारणारं कारण गाडीत तसंच बसून आहे. बहुतेक वेळा ते चारांपैकी एक असतं: कूलंट (गाडीचे भाग थंड ठेवणारा द्रव) ज्यातून फिरतं त्या सर्किटमध्ये अडकलेली हवा, कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, शिरलेलं पाणी, चुकीचं किंवा भेसळ झालेलं कूलंट, नाहीतर दिसायला सारखा पण आतून वेगळा पंप. बोल्ट खोलून पंप बदलणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि बऱ्याच ठिकाणी तेवढाच केला जातो.

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम घरी करू नका. आपल्याकडे अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मुख्य बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. बॅटरी थंड ठेवणारं सर्किट तुम्ही उघडलंत, तर उद्या बॅटरीचा दावा करताना तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. पंपाचे काही हजार वाचवायला काही लाखांची बॅटरी पणाला लावू नये.

दुसरी अट जागेची. पंप स्वतः १२ व्होल्टवर चालतो, म्हणूनच हे काम घरी शक्य आहे. पण तो बोनेटखाली किंवा पुढच्या बंपरच्या मागे, हात पोचेल अशा जागी हवा. त्याच्यापर्यंत जायला नारिंगी केबल सोडवावी लागत असेल, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारी पेटी) हलवावा लागत असेल किंवा बॅटरी खाली उतरवावी लागत असेल, तर तिथेच थांबा. नारिंगी केबलमध्ये ३०० व्होल्टच्या वरचा डीसी दाब असतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं आणि त्याच्या हातमोज्यांचं आहे.

आता पंप कसा असतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हा साध्या ब्रश मोटरचा पंप नसतो. चुंबक लावलेला रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आणि कूलंट ढकलणारं पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलर, एकाच तुकड्यात असतात आणि तो तुकडा थेट कूलंटमध्ये बुडून फिरतो. बाहेरच्या बाजूला कोरड्या कप्प्यात गुंडाळी आणि छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. फिरणाऱ्या भागाला ग्रीस नाही, ऑइल नाही. त्याचं वंगण म्हणजे कूलंटच. म्हणून हा पंप कोरडा फिरला की रोटरला आधार देणारं बुशिंग काही मिनिटांत घासतं, प्लॅस्टिक तापून आकार बदलतं आणि रोटर अडकतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

या लहानशा भागाचं महत्त्व किती, ते टोयोटाच्या उदाहरणावरून कळतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने दुसऱ्या पिढीच्या प्रायस गाड्या परत बोलावल्या, त्यातलं एक कारण इन्व्हर्टर थंड ठेवणारा इलेक्ट्रिक वॉटर पंप हे होतं. प्रायस हायब्रिड असली तरी तो पंप आणि आजच्या इलेक्ट्रिक गाडीतला पंप एकाच जातीचे. त्या गाडीवर काम करणाऱ्यांची तपासणीची साधी रीत आजही कामाची आहे: गाडी थंड असताना इन्व्हर्टरच्या टाकीचं झाकण उघडायचं, गाडी रेडी (चालवायला तयार) स्थितीत आणायची आणि कूलंट आत खळबळतंय का ते पाहायचं. पाणी स्थिर दिसलं, तर प्रवाह नाही.

इशारा कधी येतो, ते आधी लिहून काढा

बऱ्याच गाड्यांत कूलंटची दोन सर्किटं असतात, एक बॅटरीचं आणि एक मोटर, इन्व्हर्टर आणि गाडीतल्या चार्जरचं. काही गाड्यांत ती व्हॉल्वने एकमेकांना जोडली जातात. कुठला पंप बोलतोय हे कळायला स्कॅनरच्या (गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या) आधी वेळ आणि जागा उपयोगी पडते.

खंबाटकी किंवा कशेडी घाट चढताना अर्ध्यात पॉवर कमी होते आणि वर पोचून दहा मिनिटं थांबलं की गाडी पुन्हा नीट पळते, तर संशय मोटर-इन्व्हर्टरच्या सर्किटवर. गाडी चालवताना काही नाही, पण रात्री घरच्या चार्जरवर लावली की तासाभरात चार्जिंग मंदावतं किंवा तुटतं, तरी बहुधा तेच सर्किट. ७.२ किलोवॉटचा चार्जर ९३ टक्के कार्यक्षम धरला, तरी ५०० वॉटच्या आसपास उष्णता त्याच्या पेटीत तयार होत असते आणि गाडी उभी असल्यामुळे वारा मिळत नाही. डीसी फास्ट चार्जरवर वेग सुरुवातीपासूनच पडत असेल, तर बॅटरीच्या सर्किटकडे बघा. इथे एक सावधगिरी: ८० टक्क्यांनंतर वेग कमी होणं हा दोष नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर पळवलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावली आणि वेग कमी मिळाला, तर तोही बॅटरीचा बचाव असू शकतो.

आणखी एक खूण मला फार भरवशाची वाटते. गाडी जेमतेम दोन किलोमीटर चालली आहे आणि पुढचा पंखा जीव तोडून फिरतोय, पण रेडिएटरकडे जाणारा होज पाइप हाताला गारच लागतोय. याचा अर्थ आत उष्णता आहे, पण ती रेडिएटरपर्यंत येतच नाही. पाइपला हात लावताना पंख्यापासून लांब राहा, तो बंद दिसला तरी केव्हाही सुरू होतो.

मग आवाज. नारिंगी केबल जवळ नसेल अशा बाजूने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बॉडीला आणि मूठ कानाशी धरा. एकसारखी बारीक गुणगुण म्हणजे पंप ठीक. खडे फिरल्यासारखी कडकड किंवा गुळगुळ आवाज म्हणजे हवा. फिरतो, थांबतो, पुन्हा झटका देतो आणि मग गप्प होतो, असं असेल तर रोटर अडकलाय किंवा पंप स्वतःला वाचवायला बंद होतोय. काहीच आवाज नाही, तर आधी वायरिंग तपासा. पंप विकत घेण्याची घाई इथेच होते.

स्कॅनर असेल तर कोड नीट वाचा. पी०ए०५, पी०ए०६ आणि पी०ए०७ हे मोटर इलेक्ट्रॉनिक्सच्या कूलंट पंपाच्या वायरिंगचे कोड आहेत: विजेचं सर्किट तुटलेलं, विजेचा दाब कमी, विजेचा दाब जास्त. पी०सी७३ म्हणजे पंपाला सांगितलं तसं काम तो करत नाही. पी०ए९३ म्हणजे इन्व्हर्टरचं कूलिंग अपुरं पडतंय. या शेवटच्या कोडवर थेट पंप बदलणं चूक, कारण कूलंट कमी असलं, हवा अडकली असली किंवा रेडिएटर बाहेरून धूळ, पाचट, प्लॅस्टिकने बुजला असला तरी तोच येतो.

वायरिंगला अर्धा तास द्या

माझ्या मेव्हण्याची गाडी सोलापूरला असते. वॉरंटी संपल्यावर तिचा पंप गॅरेजमध्ये बदलला होता आणि पाऊस सुरू होताच चार्जिंग पुन्हा तुटायला लागलं. गॅरेजचं म्हणणं, नवा पंपही खराब निघाला. मल्टिमीटरने पंप बंद असताना कपलरवर मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट. पंप चालू करून मोजलं तर दाब धाडकन खाली. पंपाची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथे हिरवट गंज धरला होता. ती जागा घासून, वायरीच्या टोकाला नवा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून, घट्ट केल्यावर तोच ‘खराब’ पंप व्यवस्थित चालला.

म्हणून वायरिंग नेहमी भार असताना, म्हणजे पंप चालू असताना, मोजायचं. पंपाला चालू राहायला सांगा, काही गाड्यांत चावी ऑन केली की तो चालतो, काहींत स्कॅनरच्या ॲक्टिव्ह टेस्टने (स्कॅनरवरून थेट हुकूम देऊन) चालवावा लागतो. कपलर न काढता मागच्या बाजूने मल्टिमीटरचं बारीक टोक सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी आत जातं. पंपाची अर्थिंग पिन आणि १२ व्होल्ट बॅटरीचा निगेटिव्ह यांमध्ये पंप चालू असताना ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग सुधारा. प्लसच्या बाजूलाही असंच मोजा. रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारा स्विच, तपासायचा तर शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या ॲम्पियरचा घालण्याचा मोह कटाक्षाने टाळा, फ्यूजऐवजी वायर जळेल.

कपलर काढून आत बघा. ओल, हिरवा थर, काळी पडलेली पिन यातलं काही दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, आणि पिन सैल असेल तर कपलरच बदला. वॉशिंग सेंटरवर बोनेटखाली प्रेशरचं पाणी मारून घेणाऱ्यांच्या गाड्यांत हे फार दिसतं. कपलरमध्ये पाण्याऐवजी चिकट, रंगीत कूलंट निघालं, तर पंपाचं सील फुटलंय. अशा वेळी वायर थोडी पुढेपर्यंत तपासा. वायरीच्या तारांमधून कूलंट झिरपत पुढच्या कनेक्टरपर्यंत पोचतं, आणि पंप बदलूनही कोड जात नाही.

पंप काढून टेबलावर थेट १२ व्होल्ट देऊन तपासण्याची पद्धत जपून वापरा. तीन किंवा चार पिनच्या पंपाला सिग्नल लागतो. सिग्नल नसेल तर काही पंप पूर्ण वेगाने पळतात, काही जागचे हलत नाहीत. त्यामुळे तो फिरला नाही म्हणजे मेला, असं ठरत नाही. आणि प्लस-मायनस उलटे लागले तर चांगल्या पंपाचा बोर्ड त्याच क्षणी जाईल.

नवा पंप घेताना पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढून घ्या. एकाच साच्याच्या दोन पंपांपैकी एक पीडब्ल्यूएम सिग्नलवर (चालू-बंद होणाऱ्या विजेच्या ठोक्यांवर) चालतो, दुसरा लिन या डेटा वायरवर. कपलर दोघांचा एकच असू शकतो. बसवल्यावर तो गप्प राहतो किंवा कायम पूर्ण वेगाने फिरून लवकर झिजतो, आणि मग दोष गाडीवर येतो. भंगारातल्या गाडीचा पंप मी घेणार नाही. तो काढल्यापासून किती दिवस कोरडा पडून आहे आणि आत काय वाळून बसलंय, ते बाहेरून कळत नाही.

बदलताना

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर उभी ठेवलेली सगळ्यात बरी. टाकीत दाब असतो, गरम असताना झाकण उघडलं तर कूलंट तोंडावर येतं. चार्जिंगची गन काढलेली हवी. चावी गाडीपासून लांब, घरात. बऱ्याच गाड्या उभ्या असताना स्वतःहून जाग्या होऊन १२ व्होल्टची बॅटरी मुख्य बॅटरीवरून भरून घेतात, म्हणून गाडी बंद आहे हे पुरेसं नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या क्रमाने गाडी बंद करून, सांगितला तेवढा वेळ थांबून मग १२ व्होल्टचा निगेटिव्ह टर्मिनल काढा.

खालून काम असेल तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक स्टँड लावा. आणि जॅक फक्त कंपनीने दाखवलेल्या जागी. इलेक्ट्रिक गाडीचा मधला सगळा तळ बॅटरीचा असतो, तिथे जॅक लागला तर पंपाचं काम बाजूला राहील आणि बॅटरीची केस दबेल.

खालचं कव्हर काढा, स्वच्छ टब ठेवा, पंपाच्या दोन्ही बाजूंचे होज पाइप चिमट्याने हळूच दाबून बंद करा. तसं केलं तर पूर्ण सर्किट रिकामं होत नाही, थोडंच कूलंट जातं आणि नंतर हवा काढण्याचा त्रास निम्म्याने कमी होतो. मात्र आतून कडक प्लॅस्टिकचे पाइप असतील तर दाबू नका, चिरतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: कुठला पाइप कुठे, पंपाचं तोंड कुठल्या कोनात, क्लिपचे कान कुठल्या बाजूला. कोन महत्त्वाचा आहे. पंप जरा जरी उलटा बसला तर हवा त्याच्या पोटात अडकून राहते आणि नवा पंप पहिल्याच दिवसापासून अर्धा कोरडा फिरतो.

मूळच्या स्प्रिंग क्लिप चांगल्या असतील तर त्याच वापरा. त्या पाइप गरम-गार होताना स्वतः जुळवून घेतात, स्क्रूवाली क्लिप तसं करत नाही आणि जास्त आवळली तर पंपाचा प्लॅस्टिक नळ तडकतो. झटपट जोडणीचे कनेक्टर असतील तर ओ-रिंग नवी घाला, तिला ग्रीस नको, थोडं कूलंट लावा. टक् असा आवाज आला की ओढून खात्री करा.

जुना पंप लगेच भंगारात टाकू नका. बोटाने इंपेलर फिरवा. चुंबकामुळे अडखळत फिरणं हे नेहमीचं आहे, पण घासणं, अडकणं नको. प्लॅस्टिक वितळलेलं, करपट वास येतोय, तर तो कोरडा फिरलाय आणि नवा पंपही त्याच वाटेने जाणार. पांढरा कडक थर म्हणजे बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं गेलंय. जेलीसारखा चोथा म्हणजे न जुळणारी दोन कूलंट एकत्र आली आहेत. या शेवटच्या दोन्हींत सर्किट धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

कूलंट आणि पाणी

कूलंट रंगावरून घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा रंग कंपनीगणिक बदलतो, आतलं रसायन त्यावरून कळत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशनच पाहा. काही गाड्यांच्या बॅटरी सर्किटला वीज फार कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं. तिथे साधं कूलंट घातलं तर आत गळती झाल्यास धोका वाढतो, शिवाय गाडी इन्सुलेशनचा (वीज बाहेर झिरपत असल्याचा) इशारा देऊ शकते.

जमेल तिथे तयार मिश्रणच घ्या. घरी मिसळायचं असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. घट्ट कूलंट तसंच ओतलं म्हणजे जास्त गारवा, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश वाढवायला ४.१८ किलोजूल लागतात, कूलंटमधल्या मुख्य रसायनाला, म्हणजे शुद्ध ग्लायकॉलला, सुमारे २.४. म्हणजे ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं, शिवाय ते दाट असल्याने पंपावर ताण येतो.

आरओचं पाणी पिण्याला चांगलं, इथे चालत नाही. घरी आरओबरोबर मिळालेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून बघा, आकडा शून्याच्या आसपास हवा. आरओचं पाणी त्याच मीटरवर अनेकदा ५०च्या वर दाखवतं. तोच मीटर कूलंटमध्ये बुडवून मात्र काही ठरवू नका, गंजरोधक रसायनांमुळे आकडा वाढतोच. आणि बॅटरीवाल्याच्या दुकानातून पाणी आणताना कॅनवरचं नाव स्वतः वाचा. तिथे ॲसिडचे कॅनही शेजारीच असतात.

हवा काढणं

हे काम घाईत करायचं नाही. शक्य असेल तर व्हॅक्यूम फिलर भाड्याने किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून घ्या. सर्किटमधली हवा आधीच ओढून घेतली की कूलंट स्वतः सगळीकडे पोचतं. नसेल तर गाडीचा पुढचा भाग उतारावर थोडा वर येईल असा उभा करा, जेणेकरून टाकी सगळ्यात उंच राहील. पाइप जोडण्याआधी नव्या पंपाच्या पोटात आणि पाइपमध्ये कूलंट ओता, म्हणजे पहिला फेरा कोरडा होणार नाही. टाकीतून सावकाश भरा, होज पाइप हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे वर येतील. कुठे हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्याविना धार येईपर्यंत थांबा.

मग १२ व्होल्ट जोडा. स्कॅनरमध्ये कूलंट भरण्याचा किंवा हवा काढण्याचा कार्यक्रम असेल तर तोच चालवा, तो पंप कमी-जास्त वेगाने फिरवतो आणि व्हॉल्व उघडून दोन्ही सर्किटांतून कूलंट नेतो. तो नसेल तर पंप थोडा वेळ चालवा, बंद करा, पातळी बघा, भरा, पुन्हा चालवा. पंप कडकड करत असेल तर लगेच बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. हवा तेवढ्यात वर सरकते. तसाच चालू ठेवलात तर नव्या पंपाचं बुशिंग तुमच्या समोर घासलं जातंय.

कोड पुसून, आधी घरच्या चार्जरवर तासभर लावून बघा. नंतर सपाट रस्त्यावर फेरी, आणि मगच घाट. पहिल्या काही दिवसांत सकाळी गाडी थंड असताना टाकीची पातळी पाहत राहा. थोडी उतरणं स्वाभाविक आहे, उरलेली हवा बाहेर पडते. रोज उतरत असेल तर जोडणी गळतेय. बाहेर कुठेच ओल दिसत नाही आणि पातळी मात्र जातेय, तर गाडी चालवणं थांबवून सर्व्हिस सेंटरला कळवा, कारण गळती बॅटरीच्या आत असू शकते. पंप फिरतोय, हवा नाही, वायरिंग ठीक आहे आणि तरीही इशारा येतोय, तर तापमानाचा सेन्सर किंवा अडकलेला व्हॉल्व तपासायचा. पंप पुन्हा बदलू नका.

काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून त्यांच्याकडे द्या. गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. फरशीवर सांडलेलं असेल तर आधी माती किंवा भुसा टाकून टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने जागा धुवा.